सोनेरी काठाचा कप

लोक आमच्या गावी वेरूळ-अजिंठा बघायला येतात. मी दर दिवाळीला तिथं चार वाजताचा चहा प्यायला जाते, तेही थेट कोइंबतूरहून. तिकिटासाठी तीन महिने आधीपासून झटापट, दोन दिवस अंग आंबवणारा प्रवास, आणि हे सगळं कशासाठी, तर औरंगपुऱ्यातल्या एका बोळात, स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडी घालून बशीतून चहा ओढायला. ऑफिसातल्या एका बाईंना हे सांगितलं, तर त्यांनी मला डॉक्टरकडे न्यायला हवं अशा नजरेनं पाहिलं. बघेनात का!

कोइंबतूरला चहा मिळत नाही असं नाही. टपरीवरचा माणूस हात डोक्याच्या वर नेऊन एका पेल्यातून दुसऱ्यात चहा ओततो, वर बोटभर फेस येतो, आणि तो काचेच्या ग्लासातून उभ्याउभ्या प्यायचा. मी एकदा खुणा करकरून बशी मागितली, तर त्यानं बशीत वडा आणून दिला. तो वडा मी खाल्ला आणि तिथल्या चहाचा नाद सोडला. तेव्हापासून घरी फिल्टर कॉफी करते. अकरा महिने तिच्यावर काढायचे आणि बाराव्याला गावी जायचं, असं नऊ वर्षं चाललंय.

आमच्या चहाचं आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. माझे वडील, अप्पा, गुलमंडीवर एका कापडाच्या दुकानात तीस वर्षं गिऱ्हाइकांना कापड फाडून देत. कात्री फक्त कडेला बोटभर लावायची, मग दोन्ही हातांनी टर्रकन. रेघ अशी सरळ की पट्टी ठेवून बघावी. घर दुकानापासून पाच मिनिटांवर. बरोब्बर चारला त्यांच्या चपला दारात वाजायच्या आणि आई पातेल्यात दूध ओतायची. मी त्यांची एकुलती एक. आम्ही तिघं ओट्याखाली भिंतीला पाठ लावून बसायचो. आई गाळून द्यायची, अप्पा आपल्या कपातला चहा बशीत ओतायचे आणि ती पहिली बशी माझ्यापुढं धरायचे. मी सहा वर्षांची असल्यापासून. आई कुरकुरायची, "चहा पाजपाजून पोरीला काळी करून ठेवा!" अप्पा म्हणायचे, "होऊ दे की. माझ्यावर गेली म्हणतील." बशी काठोकाठ भरलेली असायची, पण त्यांच्या हातून एक थेंब खाली पडायचा नाही. सांडायचे ते मी.

घरचे कप एकाला एक मेळ नसलेले. माझा पिवळा, कान तुटलेला. पाहुण्यांचे कप पांढरे, सोनेरी काठाचे, समोरच्या खोलीत शोकेसमध्ये ठेवलेले. ते ट्रेमधून बाहेर जायचे, सोबत पाण्याचा पेला आणि चार खाऱ्या. यात आईची एक खोड होती. आई कुणाशी भांडत नाही. आयुष्यात तिनं आवाज चढवलेला मी ऐकला नाही. घरातलं माणूस तिच्या मनातून उतरलं, की ती त्याला स्वयंपाकघरात येऊ देत नाही. बाहेर बसवते आणि सोनेरी काठाच्या कपात चहा देते. दुधाचा, गोड मिट्ट, अद्रक घातलेला. वर हसून "घ्या ना". एवढा मान करते की माणसाचा जीव गुदमरावा. माझी वैजापूरची आत्या, अप्पांची सख्खी बहीण, एकदा तसला चहा पिऊन गेली आणि रिक्षात बसून पदर डोळ्याला लावला, हे मी लहानपणी खिडकीतून पाहिलं होतं.

यंदा जूनमध्ये अप्पांना झटका आला. उजवी बाजू गेली. आईचा फोन आला, "ये." मी म्हटलं, ऑडिट चालू आहे, रजा मिळत नाही. आजवर कुणाला सांगितलेलं नाही ते इथं सांगते. मी रजा मागितलीच नव्हती. मागितली असती तर मिळाली असती. मला भीती वाटली. टर्रकन कापड फाडणारा तो हात पांघरुणावर नुसता पडलेला बघायची. मग मी व्हिडिओ कॉल करत राहिले. आई फोन असा धरायची की अप्पांची डावी बाजूच दिसावी. मी म्हणायचे, "अप्पा, छान दिसताय की!" गणपती गेले, दसरा गेला. मग दिवाळीला नेहमीसारखी निघाले, जणू काही झालंच नाही.

घर, पहिला दिवस

बसच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर, कंडक्टर "चला, संभाजीनगर, संभाजीनगर" ओरडत होता, आणि शेजारचे आजोबा फोनवर सांगत होते, "औरंगाबादला पोचतोच हाय, भाकरी टाकून ठेव." उतरलो सगळे एकाच स्टँडवर. रिक्षावाला म्हणाला, "औरंगपुरा? बैठो मॅडम, पर गुलमंडी पे से नै लेता, दिवाली की भोत गर्दी है." मी म्हटलं, कुठूनही ने बाबा, चारच्या आत पोचव.

पोचले साडेतीनला. अप्पा समोरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. इस्त्रीचा सदरा, गुळगुळीत दाढी, उजव्या हातावर शाल. "आली," ते म्हणाले. शब्द जरा घसरला, पण कळला. मी पाया पडले, त्यांनी डावा हात डोक्यावर ठेवला. मनात म्हटलं, एवढंच ना? उगाच घाबरले मी पाच महिने. माणूस स्वतःला किती पटकन माफ करतो बघा.

मी हातपाय धुऊन येईपर्यंत आईनं अप्पांना धरून आत नेलं होतं. मी मागोमाग निघाले, तर आई स्वयंपाकघराच्या दारात आडवी. "तू बस बाहेर. दमली असशील. ह्यांचं पथ्याचं असतंय, त्यांना आत देते." आणि तिनं पडदा ओढला. त्या दाराला पडदा मी पहिल्यांदाच पाहत होते. थोड्या वेळानं ती ट्रे घेऊन आली. पाण्याचा पेला, चार खाऱ्या आणि सोनेरी काठाचा कप.

"घे ना," आई हसून म्हणाली.

प्रवासाचा शीण म्हणून असेल, सणाचे दिवस म्हणून असेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि कप तोंडाला लावला. अद्रकाचा चहा. मला अद्रक चालत नाही. हे आईला मला बोलता यायच्या आधीपासून ठाऊक आहे. घोट घशाखाली गेला आणि पडद्याआडून आवाज आला, फुर्रर्र. बशीतून चहा ओढल्याचा. पाठोपाठ आईचा दबका आवाज, "हळू... हळू."

आईनं उभ्या जन्मात बशीतून चहा प्यायलेला नाही.

गुलमंडी

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. झेंडूची फुलं आणायचं निमित्त काढून मी बाहेर पडले. घरात बसून शोकेसकडं बघत राहणं नको झालं होतं. गुलमंडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. फुलांचे ढीग, पणत्या, लाह्या-बत्तासे, आणि त्यातून हॉर्न वाजवत घुसणारे मोटारसायकलवाले. कोइंबतूरला दिवाळीत लोक पहाटे अंघोळी करून नवे कपडे घालतात आणि दुपारपर्यंत सण संपवतात. आमच्याकडं चार दिवस पुरवून पुरवून खातात. इमरतीच्या कढईपुढं उभी राहून एक गरम इमरती खाल्ली, पावशेर घरी बांधून घेतली, आणि मग पाय आपोआप अप्पांच्या जुन्या दुकानाकडं वळले.

गादीवर सलीमचाचा होते. अप्पांच्या शेजारी उभं राहून त्यांनी इतकी वर्षं कापड विकलं, आता केस पांढरे झालेत. मला पाहून म्हणाले, "अरे, बेटी कब आई? बैठ, बैठ. तेरे अप्पा के जैसा हाथ अब किसी का नै. आजकल के छोकरे पूरा थान कैंची से काटते."

मी विचारलं, "अप्पा येतात का इकडं?"

"एक बार आये थे. तेरी अम्मी पकड के लाई. मैं चाय मंगाया, तो बोले, सलीम, मैं चाय छोड दिया." चाचांनी मीटर खाली ठेवला. "तीस बरस एक कप में से आधी-आधी पिये हम लोग. छोड दिया बोलते! कुछ गुस्सा है क्या मेरे पे?"

मी म्हटलं, "नाही चाचा, पथ्य असेल." पण डोकं भणभणत होतं. चहा सोडला? मग काल आत बशी कोण ओढत होतं? इमरतीचा पुडा धरून परत येताना मला सगळं लख्ख कळलं, असं मला वाटलं. आई रागावलीय. जूनचा राग आहे. आणि अप्पाही तिच्या बाजूनं आहेत. दोघं आत बसून आपला चहा पितात आणि मला पाहुणीसारखी बाहेर ठेवतात. घरचे दोघं आत, पाहुणी बाहेर. वा रे वा!

त्या दिवशी चार वाजता मी म्हणूनच बघितलं, "आई, मी आत बसते ना."

"कशाला? बाहेर पंखा हाय. खारी घे की."

तो कप उचलून शोकेसच्या काचेवर मारावा असं मला वाटलं. खरंच वाटलं. पण सणाच्या दिवशी घरात काच फुटली तर आई तीही हसून झाडून काढेल, ही मला खात्री होती. मी मुकाट्यानं चहा प्यायले.

वैजापूर

दर भाऊबीजेला अप्पा वैजापूरला जायचे, आत्याकडून ओवाळून घ्यायला. यंदा साडी आणि फराळाचा डबा देऊन त्यांनी मला पाठवलं. एसटीत खिडकी मिळाली. दोन्ही अंगांनी फुटलेला कापूस, ओच्यात बोंडं भरत वाकलेल्या बाया, मधेच कांद्याच्या रोपांचे हिरवेगार वाफे. एरवी मी हे बघत गाणं गुणगुणले असते. त्या दिवशी मी आईशी मनातल्या मनात भांडत होते, आणि गंमत म्हणजे तिथंही ती उलटून बोलत नव्हती.

आत्या ओसरीवर कापसाच्या ढिगाशेजारी बसली होती. सत्तरी उलटली, पण जीभ अजून धार लावल्यासारखी. डबा उघडून पहिलंच वाक्य, "शंकरपाळे लई जाड केल्यात तुझ्या आईनं. दात हायेत का इथं कुणाला?" मग उठली, चुलीवर गुळाचा कोरा चहा केला, गाळला आणि माझ्यापुढं बशी सरकवली. काठोकाठ भरलेली.

मला रडूच फुटलं.

"अगं बया! काय झालं? लई गरम हाय का?"

मी सांगितलं. ट्रे, खाऱ्या, पडदा, सगळं. ऐकून आत्या पोट धरून हसली. "सोनेरी काठ व्हय? मला तीन वर्सं पाजला तुझ्या आईनं तसा. तिची आई गेली तवा मी दहाव्याला गेले नाय. वेचणी चालू होती, माणसं मिळंनात. म्हणलं, पंधरा दिसांनी जाऊ. चुकलंच माझं. पण म्हणून तीन वर्सं?"

"मग कसं मिटलं?"

"मिटतंय कशाचं? मीच मिटवलं. एक दिस दारात चपला काढल्या आन सरळ आत जाऊन फरशीवर बसले. म्हणलं, वैनी, चहा घाल नायतर लाथ घाल, मी उठत नाय. बघतच राहिली. मग घातला गुमान." तिनं माझ्या बशीत पुन्हा चहा ओतला. "तू बी तसंच कर. बाहेर बसून मान घेत बसशील तर जल्मभर पावनी ऱ्हाशील."

निघताना आत्यानं विचारलं, "दादा कसा हाय गं? मी येते म्हणलं तर फोनवर म्हणतो, येऊ नको, मी पाठवतो कुणाला तरी. सख्ख्या बहिणीला असं म्हणतंय का कुणी?" मी म्हटलं, बरे आहेत. एसटीची वेळ झाली होती आणि मी मनात उद्याची तयारी करत होते. आत्याच्या त्या प्रश्नापाशी मी थांबायला हवं होतं, पण मला माझ्या बशीपलीकडं काही दिसत नव्हतं.

घर, शेवटचा दिवस

चारला पाच मिनिटं असताना आई अप्पांना आत घेऊन गेली. पडदा ओढला. मी मनात शंभर मोजले, उठले आणि पडदा सारून सरळ आत शिरले. कुणाकडं न बघता फळीवरून माझा पिवळा कप काढला. त्यावर धूळ बसली होती. नळाखाली धुतला, ओट्याखाली माझ्या जागेवर मांडी घातली आणि म्हणाले, "चहा घाल आई, नायतर लाथ घाल. मी उठणार नाही."

मग मान वर केली.

अप्पा भिंतीला टेकून बसले होते. पाठीशी दोन उशा. शाल बाजूला पडलेली, उजवा हात मांडीवर उताणा. गळ्याभोवती टॉवेल बांधलेला, त्यावर धुऊनही न गेलेले चहाचे डाग. बशी आईच्या हातात होती. तिचा दुसरा हात अप्पांच्या हनुवटीखाली. चहाचा अर्धा घोट ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून परत येत होता आणि ती तो तळहातावर झेलत होती.

अप्पांनी मला पाहिलं. तोंड मिटलं आणि मान भिंतीकडं फिरवली.

"नको," ते मला म्हणाले.

तेव्हाच उठायचं होतं. पण मी वैजापूरहून शिकून आले होते ना! मी बसून राहिले. म्हटलं, "अप्पा, मीच आहे. घ्या की चहा." आईनं बशी पुन्हा त्यांच्या ओठांपाशी नेली. त्यांनी ओठ उघडले नाहीत. आई थांबली, पुन्हा नेली. नाही. बशीतल्या चहावर साय धरली. मला वाटलं, जरा धीर धरला की पाघळतील. आणि मग मी बोलू नये ते बोलले.

"अप्पा, मला काही वाटत नाही हो."

त्यांचा डावा डोळा भरून आला. उजवा आधीपासूनच पाणावलेला होता. आईनं बशी खाली ठेवली.

"वैशू, ऊठ."

"किती दिवस राग धरणार आहेस आई?"

"राग हाय," आई म्हणाली. आवाज तोच, शांत. "लई हाय. बोलावलं तवा आली नाय, तो मी मरेपर्यंत धरीन. ते तुझं माझं बघून घेऊ. पण कप रागाचा नाय. ह्यांनीच सांगितलं, पोरीला बाहेर दे, मला असं बघायला नको. सलीमभाईनं नाय पाहिलं, वैजापूरच्या वन्सनं नाय पाहिलं. मी सोडून कुणीच नाय."

"पण मी घरची आहे ना."

"जूनमधी नाकात नळी होती. तवा ह्यांना कशाचीच लाज नव्हती. तवा आली असती, तर आता बी तुझ्यापुढं प्याले असते. सवय झाली असती दोघांना." तिनं टॉवेलच्या कोरड्या टोकानं अप्पांचा गाल पुसला. "फोनवर तू म्हणायची ना, अप्पा छान दिसताय? त्या दिवशी हे लई खूश असायचे. आता तेवढंच ऱ्हाऊ दे."

अप्पा भिंतीकडंच बघत होते. मी उठले. पिवळा कप पुन्हा धुतला, खरं तर तो वापरलाच नव्हता, आणि फळीवर पालथा घातला. बाहेर आले आणि पडदा मीच ओढला, नीट, दोन्ही कडांनी.

समोरच्या खोलीत पंख्याखाली बसले. आत बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग शेगडी पेटल्याचा आवाज, पातेलं ठेवल्याचा. मी शोकेसकडं बघत कान देऊन बसले होते. एवढ्या वर्षांत परीक्षेच्या निकालाचीसुद्धा मी अशी वाट पाहिली नव्हती. शेवटी आलं ते. फुर्रर्र. "हळू... हळू." पुन्हा फुर्रर्र.

मग आई ट्रे घेऊन आली. पाणी, चार खाऱ्या, सोनेरी काठाचा कप. आज ती हसली नाही, "घे ना"ही म्हणाली नाही. मी कप उचलला. चहा बिनअद्रकाचा होता.

मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. कप बशीवर ठेवला आणि आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "छान झालाय चहा!"

पडद्याआडून अप्पांचा घसरलेला आवाज आला, "पोरीला... अजून हवा का, विचार."

आईनं माझ्याकडं पाहिलं. पाहुणे म्हणतात तेच मी म्हणाले.

"नको, नको. पुरे झाला."